तारांचे दप्तर : एमजीबीच्या वायरिंगचा साधार शोध

1962 साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही दोन आसनी उघडी मोटार बाहेर पडू लागली. ऑक्टोबर 1965 मध्ये तिची छपराची जीटी आवृत्ती आली. 1980 साली उत्पादन थांबेपर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर उतरल्या होत्या. या अठरा वर्षांत गाडीचा बाहेरचा आकार फारसा हलला नाही, आतल्या तारा मात्र अनेकदा बदलल्या. पहिल्या गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला होता, 1968 च्या गाडीत ऋण ध्रुव. आधी डायनमो होता, मग अल्टरनेटर आला. फ्यूज दोन होते, त्यांचे चार झाले. म्हणून अशा गाडीचे कुजलेले वायरिंग बदलायला घेणाऱ्याला पक्कड हातात घेण्याआधी इतिहासकाराचे काम करावे लागते. ही गाडी नेमकी केव्हाची, कोणत्या देशासाठी बांधलेली, आणि कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात कोणती तार कुठून कुठे जात होती?

या प्रश्नाचे उत्तर देणारी साधने सुदैवाने शिल्लक आहेत. पण प्रत्येक साधन एका मर्यादेपर्यंतच बोलते, आणि एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय घेता येत नाही.

कागद काय सांगतात

पहिले साधन उत्पादनाच्या नोंदींचे. ॲबिंग्डनच्या नोंदी आज गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दप्तरात आहेत आणि त्यांवरून मालकाला ‘हेरिटेज सर्टिफिकेट’ मिळते. चासी नंबर, इंजिन नंबर, बांधणीची तारीख, रंग, कोणत्या बाजारासाठी गाडी पाठवली आणि कारखान्यातच कोणत्या जादा वस्तू बसवल्या, एवढे त्यावरून कळते. चासी नंबरची सुरुवातही बोलकी असते. ‘जीएचएन3’ मधला ‘जी’ एमजीचा, ‘एच’ इंजिनाच्या आकारगटाचा, ‘एन’ उघड्या दोन आसनी बॉडीचा आणि 3 हा मालिकेचा. जीटीला ‘एन’च्या जागी ‘डी’ येतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला पुढे ‘एल’ लागतो. 1967 च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून 3 चा 4 होतो. गाडीचा काळ आणि बाजार ठरवायला ही नोंद सर्वांत भरवशाची, कारण ती समकालीन आहे आणि पुढे कधी गाडी विकण्यासाठी म्हणून लिहिलेली नाही. वायरिंगबद्दल मात्र तिच्यात अवाक्षर नाही.

दुसरे साधन कारखान्याचे वर्कशॉप मॅन्युअल, एकेडी 3259. त्यातल्या वायरिंगच्या नकाशांवर काळ आणि बाजार नोंदवलेले असतात, म्हणून पहिल्या साधनातली तारीख हाती असेल तरच योग्य नकाशा निवडता येतो. नकाशा एका शाईत छापलेला असतो, म्हणून तारेचा रंग अक्षरांनी दाखवतात. काळ्यासाठी ‘बी’ आधीच घेतलेला, त्यामुळे निळ्याला ‘यू’ आणि तपकिरीला ‘एन’ ही अक्षरे आली. दोन अक्षरे असतील तर पहिले मुख्य रंगाचे आणि दुसरे त्यावरच्या बारीक रेघेचे.

हे रंग एमजीने ठरवलेले नव्हते. ते बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीच्या पद्धतीचे. ऑस्टिन, मॉरिस, ट्रायम्फ, जग्वार अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांतही तेच रंग सापडतात. कारण ब्रिटिश मोटारींना डायनमो, स्टार्टर, दिवे आणि स्विच पुरवणारे घर बहुतांशी एकच होते. ही मक्तेदारी इतकी मोठी होती की ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने वाहनांच्या विद्युत सामग्रीच्या पुरवठ्याची चौकशी केली आणि 1963 साली स्वतंत्र अहवाल काढला. आज दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडते ती या मक्तेदारीची एकवाक्यता. एका गाडीचे रंग वाचता आले की त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे वाचता येतात.

या रंगांना व्याकरण आहे. वीज कोणत्या दारांतून गेली ते रंग सांगतो. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते, तिला किल्लीचा किंवा फ्यूजचा अडसर नाही. पांढरी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होते. हिरवी किल्ली आणि फ्यूज दोन्हींतून आलेली असते. जांभळी फ्यूजमधून येते, पण किल्लीवर अवलंबून नसते. काळी म्हणजे अर्थ, बॉडीला जोडलेली परतीची तार. हेडलाइटकडे जाणारी निळी. तिच्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल असेल तर डिपर. पार्किंग आणि टेललाइटला लाल. हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, पांढरी रेघ म्हणजे उजवा, जांभळी रेघ म्हणजे ब्रेकलाइट. हे कळले की डॅशबोर्डखालच्या गुंत्यातली एक तार पाहूनही ती कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि कोणती तार तिथे असायला नको तेही ओळखता येते.

मॅन्युअलचा नकाशा काय सांगत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. तो विजेचे नाते दाखवतो, जागा दाखवत नाही. तारांचा जुडगा कोणत्या क्लिपखालून जातो, कोणती फांदी किती अंतरावर फुटते, ग्रॉमेट कुठे आहे, याचा त्यात मागमूस नसतो. शिवाय गाडी कशी असायला हवी हे तो सांगतो. विशिष्ट गाडी त्या दिवशी तशीच निघाली का, हे त्या गाडीलाच विचारावे लागते.

1962 ची मांडणी

सुरुवातीच्या एमजीबीत आसनांमागे फळीखाली 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्या एकापुढे एक जोडून 12 व्होल्ट मिळत आणि धन ध्रुव बॉडीला जोडलेला असे. तिथून एक जाड केबल गाडीच्या पोटाखालून पुढे स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत येई. सोलेनॉइडवरून तपकिरी तार निघे, ती आरबी340 या कंट्रोल बॉक्सकडे, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कटआउट म्हणतात त्याच्याकडे. तिथे सी40 डायनमोची वीज येऊन मिळे, जास्तीत जास्त 22 अँपिअर. पुढे तपकिरी तारा फ्यूजबॉक्स, लाइटचा स्विच आणि किल्लीकडे फुटत.

फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज फक्त दोन, 35 अँपिअरचे. पहिला हॉर्नसारख्या, किल्ली काढल्यावरही चालणाऱ्या गोष्टींसाठी; तपकिरी आत जाई आणि जांभळी बाहेर येई. दुसरा किल्लीवर चालणाऱ्या वायपर, इंडिकेटर, ब्रेकलाइट यांसाठी. पांढरी आत आणि हिरवी बाहेर. इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला तर नवे वायरिंगही जळते. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहू द्यायचा प्रवाह त्याच्या साधारण निम्मा, 17 अँपिअर. आजच्या बऱ्याच फ्यूजवरचा आकडा सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा असतो. तोच आकडा पाहून आजचा 35 चा फ्यूज बसवला तर तारेला मूळच्या निम्मेही संरक्षण उरत नाही.

नकाशावरून बोट फिरवले की एक मोठी उणीव समोर येते. हेडलाइटला फ्यूजच नाही. तपकिरी तार स्विचपर्यंत, स्विचमधून निळी, डिपरच्या स्विचमधून दिव्यापर्यंत. वाटेत वितळून वाचवणारे काही नाही. इग्निशनच्या पांढऱ्या तारेचीही तीच गत. यामागे तर्क शोधता येतो. रात्री वेगात जाताना एका फ्यूजपायी दोन्ही दिवे एकदम जाणे हा धोका त्या काळच्या आरेखकांना अधिक मोठा वाटला असावा. पण तारेचे आवरण कुठे पत्र्याला घासून फाटले तर बॅटरीतला सगळा प्रवाह त्या तारेतून धावतो आणि फ्यूजऐवजी तारच वितळते.

तारांची जाडीही कागदावरून ठरवता येते. त्या काळी जाडी लिहायची रीत अशी: आधी आतल्या तंतूंची संख्या, मग एका तंतूचा व्यास इंचात. 14/.012 म्हणजे 14 तंतू, आजच्या मापात साधारण 1 चौरस मिलिमीटर आणि पावणेनऊ अँपिअरपर्यंत. 28/.012 म्हणजे 2 चौरस मिलिमीटर आणि साडेसतरा अँपिअर. 44/.012 म्हणजे 3 चौरस मिलिमीटर आणि साडेसत्तावीस अँपिअर. कागद हाताशी नसेल तर तारेचे टोक सोलून तंतू मोजले तरी मूळ माप हाती येते.

ध्रुव फिरतो

ऑक्टोबर 1964 मध्ये पाच बेअरिंगचे इंजिन आले, त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटरही आला. कॉइलकडे जाणारी इग्निशनची तार त्याच्यातून जाई आणि तिच्यातल्या प्रवाहाच्या ठोक्यांवरून तो इंजिनाचे फेरे मोजत असे. एमजीबीच्या डॅशबोर्डमागे ट्रान्झिस्टर शिरला तो असा.

ब्रिटिश गाड्यांत धन ध्रुव बॉडीला जोडण्याची रीत 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली होती. बॅटरीच्या टोकांचे गंजणे कमी होते आणि स्पार्क प्लगच्या मधल्या टोकाला ऋण दाब मिळून ठिणगी सहज पडते, अशी कारणे तिच्यासाठी दिली जात. डायनमोच्या जमान्यात ध्रुव कोणताही असला तरी फारसे बिघडत नव्हते. डायनमोच्या एफ टोकाला जिवंत तारेचा क्षणभर स्पर्श केला की त्याचा ध्रुव उलटा करता येतो. अल्टरनेटरचे तसे नाही. त्यात डायोड असतात, आणि बॅटरी उलटी जोडली तर ते तत्काळ जळतात. 1967 च्या अखेरीस दुसऱ्या आवृत्तीत 16एसी अल्टरनेटर आला, त्याच वेळी बॉडीला ऋण ध्रुव जोडला गेला. इंजिन मंद चालत असतानाही पुरेसे चार्जिंग मिळू लागले आणि रस्त्यावरच्या इतर देशांच्या गाड्यांशी, रेडिओंशी जुळणारा ध्रुव आला.

आता या बदलाने इतिहासकारापुढे टाकलेला पेच पाहू. हाती आलेली गाडी जीएचएन3 आहे, पण तिच्यात ऋण ध्रुव बॉडीला जोडलेला आहे. कागद म्हणतात धन हवा. गाडी खोटी नाही आणि कागदही खोटा नाही. मधल्या काळात कुणीतरी, बहुधा रेडिओ बसवण्यासाठी, ध्रुव फिरवला आहे. याचा पुरावा बॅटरीच्या क्लॅम्पवर मिळू शकतो. बॅटरीची धन खुंटी ऋण खुंटीहून जाड असते. बॉडीला जाणाऱ्या पट्टीचा क्लॅम्प जाड खुंटीच्या मापाचा असेल आणि बारीक खुंटीवर बसवण्यासाठी चेपलेला किंवा आत पत्रा घालून घट्ट केलेला असेल, तर अदलाबदल नंतरची हे पक्के. मग पुढचे प्रश्न ओळीने येतात. कॉइलची टोके बदलली का? टॅकोमीटर आतून बदलला का? नवा जुडगा बसवण्याआधी ही उत्तरे मिळाली नाहीत, तर पहिल्याच किल्लीला टॅकोमीटर गमावण्याची वेळ येते.

कायद्याने ओढलेल्या तारा

एमजीबीचा मोठा बाजार अमेरिका होता, आणि तिथले कायदे नकाशांत उमटलेले दिसतात. 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेत मोटारींसाठी संघराज्याचे सुरक्षा नियम लागू झाले. त्या सुमारास अमेरिकेला जाणाऱ्या गाडीच्या नकाशात धोक्याच्या वेळी चारही इंडिकेटर लावणारा स्विच आणि ब्रेकमधला दोष दाखवणारा दिवा दिसू लागतात. ब्रिटनमधल्या ग्राहकाच्या त्याच वर्षीच्या गाडीचा नकाशा वेगळा. म्हणून बांधणीच्या तारखेबरोबर बाजाराची नोंदही हवी.

सर्वांत गुंतागुंतीचा कागद 1974 च्या अमेरिकी गाडीचा. त्या वर्षीच्या मोटारींना नियम असा होता की पुढच्या आसनावरच्या माणसाने पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. त्यासाठी आसनातले स्विच, पट्ट्यातले स्विच आणि या सगळ्यांचा क्रम तपासणारे नियंत्रक यंत्र नकाशात आले. लोकांना ही सक्ती असह्य झाली आणि ऑक्टोबर 1974 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ती उठवली. पुढे अनेक मालकांनी हे यंत्र निकामी केले. आज अशा गाडीत आसनाखाली कापलेल्या, टेप गुंडाळलेल्या तारा सापडल्या तर त्याला अडाण्याचे काम म्हणण्याआधी ही तारीख आठवावी. ती तोडमोड बेफिकिरीची नसून त्या काळाच्या राजकारणाचा गाडीत उरलेला पुरावा असू शकते.

तारेची साक्ष

उरले अखेरचे आणि सर्वांत थेट साधन, खुद्द जुडगा. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी अस्सल कागद आणि बखर यांत जो भेद केला, तो इथे चपखल लागतो. ब्रिटिश मोटारशौकिनांत लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ही बखर झाली. जुडगा उलगडून पाहिला की अंधाराची कारणे बरीचशी दुसरीकडे सापडतात.

उलगडताना पाहायचे काय? पहिली गोष्ट रंग. उन्हाने आणि तेलाने रंग पालटतात. पांढरी तार मळून तपकिरीसारखी होते, फिकट हिरवी आणि हिरवी एक होतात. पण टेपच्या किंवा कापडी वेष्टणाच्या आत तार झाकलेली असते. तिथला दोन-तीन सेंटिमीटरचा भाग उघडला की मूळ रंग आणि मूळ रेघ पाहायला मिळते. दुसरी गोष्ट जोड. कारखान्याचा जोड ओळखू येतो: पितळेचे गोल बुलेट झाळून बसवलेले आणि रबरी नळीतल्या कनेक्टरमध्ये दाबलेले, किंवा पावइंची सपाट लूकार पट्टी. लाल-निळ्या प्लॅस्टिकची चेपलेली टोके, पिळून टेप लावलेले जोड, फांदी चोरणारे क्लिप हे सगळे नंतरचे प्रक्षेप. तिसरी गोष्ट उष्णतेच्या खुणा. तपकिरी तारेचे आवरण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुगून शेजारच्या तारांना चिकटले असेल, तर कधीतरी फ्यूजविना शॉर्ट झाला होता. मग ती एकच तार बदलून भागत नाही, शेजारच्या तारांवरही विश्वास ठेवता येत नाही.

चौथी गोष्ट अर्थची. गाडीच्या प्रत्येक दिव्याकडून वीज बॉडीच्या पत्र्यातून परतते. पत्रा गंजला, अर्थच्या स्क्रूखाली नवा रंग बसला, की तिथे विरोध तयार होतो. हिशोब साधा आहे. हेडलाइटच्या वाटेत 10 अँपिअर वाहत असतील आणि एका जोडाला दशांश ओहम विरोध असेल, तर तिथे 1 व्होल्ट खर्ची पडतो. 12 चे 11 व्होल्ट झाले की तंतूच्या दिव्याचा उजेड साधारण चतुर्थांश घटतो, कारण उजेड व्होल्टेजच्या तीनहून मोठ्या घाताने उतरतो. असे दोन जोड असतील तर दिवा पिवळा दिसू लागतो. मालक बल्ब बदलतो, डायनमो बदलतो, लुकासला नावे ठेवतो. दोष स्क्रूखाली तसाच राहतो. लुकासच्या सामग्रीत दोष नव्हतेच असा याचा अर्थ नाही. हेडलाइटला फ्यूज नसणे ही मूळ आराखड्यातली उणीव आहे. पण अंधाराचे खापर फोडण्याआधी व्होल्टमीटरने प्रत्येक जोडावरचा उतार मोजायला हवा, एवढी शिस्त या साधनांनी शिकवावी.

जपायचे की बदलायचे

ही सगळी साक्ष जमल्यावरच निर्णय घेता येतो. आवरण लवचीक असेल, उष्णतेच्या खुणा नसतील आणि प्रक्षेप काढल्यावर कारखान्याची जोडणी सलग उरत असेल, तर मूळ जुडगा राखावा; जोड साफ करावेत, मोडकी टोके नव्याने झाळावीत. तपकिरी तारा भाजलेल्या असतील किंवा आवरण वाकवताच तडकत असेल, तर पूर्ण जुडगा बदलणे शहाणपणाचे. तेव्हाही नवा जुडगा या गाडीच्या तारखेचा आणि बाजाराचा हवा. पाच वर्षांनंतरच्या सुधारित गाडीचा नको. हेडलाइटसाठी फ्यूज आणि रिले जरूर बसवावेत, पण मूळ तारा न कापता, उलटवता येतील अशा रीतीने.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. एमजीबीचे 1798 सीसीचे इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसडरचे 1489 सीसीचे इंजिन ही बी-सिरीज घराण्यातली भावंडे. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या ॲम्बॅसडरला लुकासची परंपरा वारशाने मिळाली, आणि चेन्नईतल्या पाडी येथील लुकास-टीव्हीएसने ती इथे रुजवली. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या ‘व्हीए’ नोंदणीचे नियम काढले. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, असे ते म्हणतात. मूळपणाच्या या व्याख्येत तार नाही. त्यामुळे वायरिंगच्या मूळपणाची राखण कायदा करणार नाही, मालकाला आणि मेकॅनिकलाच करावी लागेल.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे फिव्हाने, ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर तुरीनची सनद केली आहे. तिच्यातला एक आग्रह इथे नेमका लागू पडतो: जे काम केले त्याची नोंद ठेवा. ॲबिंग्डनच्या नोंदवहीत तार नव्हती, मॅन्युअलमध्ये जागा नव्हती, आणि मधल्या मालकांनी केलेले बदल कुठेच लिहिले गेले नाहीत. वरचा सगळा खटाटोप त्या न लिहिण्यातून उभा राहिला. म्हणून जुना जुडगा काढण्याआधी प्रत्येक फांदीची लांबी आणि जागा टिपून ठेवावी, छायाचित्रे घ्यावीत, आणि काढलेला जुडगा चिठ्ठ्या लावून ठेवावा, भंगारात देऊ नये. नव्या कामाचा नकाशा तारीख घालून गाडीच्या कागदांत ठेवावा: कोणता ध्रुव बॉडीला आहे, कोणता फ्यूज किती अँपिअरचा आणि कोणत्या पद्धतीच्या मापाचा, रिले कुठे बसवला, कोणती मूळ तार बंद करून आत ठेवली. चार पानांचा हा कागद पुढच्या मेकॅनिकला मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण तो त्याच एका गाडीविषयी असेल.